कॅमेऱ्याची निवड : छायाचित्र देखणे की खरे?

काही वर्षांपूर्वीची एक रात्र मला अद्याप विसरता आलेली नाही. नऊच्या सुमारास एका परिचित घरातून दूरध्वनी आला. बाळ चार दिवसांचे, आदल्याच दिवशी प्रसूतिगृहातून घरी आलेले. आजी म्हणत होत्या, "डॉक्टरसाहेब, बाळ मला पिवळं वाटतंय." मी म्हटले, "आजी, एक फोटो काढून पाठवायला सांगा." फोटो आला. पिवळसर दुपट्यात गुंडाळलेले बाळ, डोक्यावर पिवळा दिवा आणि चित्रात मात्र गुलाबी गाल. मी निश्चिंत झालो आणि सांगितले, "ठीक दिसतंय. सकाळी घेऊन या."

सकाळी खिडकीच्या उजेडात बाळाचे कपडे काढले, तेव्हा पिवळेपणा थेट तळपायांपर्यंत उतरलेला होता. बिलिरुबिन २१ मिलिग्रॅम भरले. बाळाला दोन दिवस निळ्या दिव्यांखाली ठेवावे लागले. सुदैवाने पुढे काही बिघडले नाही. ते बाळ आता शाळेत जाते. परंतु नवजात शिशूंची कावीळ मर्यादेबाहेर गेली तर मेंदूला कायमची इजा करते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो; आणि त्या रात्री मी आजींच्या अनुभवी डोळ्यांपेक्षा एका छायाचित्रावर अधिक विश्वास ठेवला होता.

दोष केवळ यंत्राचा नव्हता. यंत्र काय करते, हे मला ठाऊक नव्हते. छायाचित्रणाचा छंद मला तरुणपणापासून आहे. तरीही 'चित्राची गुणवत्ता' म्हणजे नेमके काय, याचा विचार मी त्या घटनेनंतरच गांभीर्याने केला. आपल्यापैकी अनेकजण आता दवाखान्यासाठी, परिषदेतील सादरीकरणासाठी किंवा नातवंडांच्या हौसेसाठी कॅमेरा घेण्याच्या विचारात असतात आणि मला विचारतात, "कोणता घेऊ?" प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. विशिष्ट कंपनीचे नाव मी सांगणार नाही, कारण नमुने दरवर्षी बदलतात. निवडीची तत्त्वे मात्र बदलत नाहीत.

१. मेगापिक्सेलचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो मेगापिक्सेलचा. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. हा आकडा मोठा म्हणजे चित्र चांगले, अशी समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी आहे, ते साध्या गणिताने पाहू.

उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू पुरेसे मानतात. आपल्या स्मरणिकेचे पूर्ण ए-४ आकाराचे पान छायाचित्राने भरावयाचे, तर २४८० गुणिले ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. म्हणजे ९ मेगापिक्सेलमध्ये काम भागते. सभागृहातील प्रोजेक्टरची गरज तर त्याहून कमी असते. १९२० गुणिले १०८० हा सर्वपरिचित आकार जेमतेम २१ लाख बिंदूंचा आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० गुणिले ४००० बिंदूंचे असते व ते २० बाय १३ इंच आकारात स्वच्छ छापता येते. इतके मोठे चित्र आपण आयुष्यात किती वेळा छापतो?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूक्ष्म तपशील दुपटीने वाढवायचे, तर लांबी व रुंदी या दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट करावे लागतात. म्हणजेच एकूण बिंदू चौपट होतात. ६ वरून २४ मेगापिक्सेलवर गेल्यावर तपशील दुप्पट होतो, चौपट नव्हे. त्यामुळे २० आणि २४ मेगापिक्सेलमधील फरक डोळ्यांना जवळजवळ जाणवतच नाही. आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही चांगल्या कॅमेऱ्यात बिंदूंची उणीव नाही. म्हणून या आकड्याकडे पाहून कॅमेरा निवडणे म्हणजे पानांची संख्या पाहून ग्रंथ निवडण्यासारखे आहे.

२. सेन्सर : प्रकाश झेलणारे अंगण

खरा प्रश्न असा की ते बिंदू केवढ्या जागेत बसवले आहेत? कॅमेऱ्यातील सेन्सर हा प्रकाशाचे कण झेलून त्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करतो. पावसात मोठे घमेले व लहान वाटी शेजारी ठेवली, तर अधिक पाणी कशात जमेल हे सांगावयास नको.

'फुल फ्रेम' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. 'एपीएस-सी' प्रकारचा सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' असे फसवे नाव धारण करणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. आणि खिशात मावणाऱ्या जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर बहुधा केवळ २८ चौरस मिलिमीटरचा असे. पहिल्या व शेवटच्या सेन्सरच्या क्षेत्रफळात सुमारे ३० पटींचा फरक आहे. जाहिरातीत मात्र दोघांचे मेगापिक्सेल सारखेच दिसू शकतात.

या फरकाचा परिणाम काय होतो? प्रकाशाचे कण मोजताना अनिश्चितता राहतेच, आणि ती कणसंख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एखाद्या बिंदूवर १०० कण पडले तर चूक १० ची, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडले तर चूक १०० ची, म्हणजे केवळ १ टक्का. कमी प्रकाशात काढलेल्या चित्रावर जी रंगीबेरंगी वाळू पसरल्यासारखी दिसते, ती हीच चूक होय. कॅमेऱ्याचा 'आयएसओ' वाढवला की प्रकाश वाढत नाही. क्षीण संकेत मोठा करून दाखवला जातो आणि त्याबरोबर ही वाळूही मोठी होते. लहान सेन्सरचा कॅमेरा मग ती वाळू पुसण्यासाठी चित्र गुळगुळीत करतो. अंगावरचे बारीक पुरळ, गोवराची पहिली खूण किंवा त्वचेखालील सुईच्या टोकाएवढे रक्तस्रावाचे ठिपके नेमके या सफाईत नाहीसे होतात.

बालरोगतज्ज्ञाला याचा त्रास विशेष होतो, कारण आमचा रुग्ण क्षणभरही स्थिर बसत नाही. हालचाल गोठवण्यासाठी सेकंदाच्या २०० व्या किंवा २५० व्या भागात चित्र टिपावे लागते. इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश झेलायचा तर सेन्सर मोठा हवा. माझ्या मते दवाखान्यासाठी एपीएस-सी आकार पुरेसा आहे. फुल फ्रेम उत्तम. पण त्याची भिंगे जड आणि महाग असतात.

३. भिंग : अर्धी रक्कम येथे खर्चावी

सेन्सर कितीही चांगला असो, त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेच तो टिपणार. कॅमेऱ्यासोबत मिळणारे सर्वसाधारण झूम भिंग घरगुती कार्यक्रमांना ठीक असते. परंतु वैद्यकीय चित्रणासाठी 'मॅक्रो' भिंग घ्यावे. ते जवळच्या वस्तूवर केंद्रित होऊ शकते आणि चित्राच्या कडा मध्यभागाइतक्याच रेखीव ठेवते. चांगल्या मॅक्रो भिंगातून वस्तू सेन्सरवर मूळ आकाराइतकी उमटते; त्याला १ : १ प्रमाण म्हणतात. त्वचारोगाच्या बहुतेक चित्रांना त्याच्या निम्मे प्रमाणही पुरते.

भिंगाइतकेच अंतरही महत्त्वाचे असते. एक हिशेब करून पाहा. मुलाचे नाक व कान यांत समोरून पाहता साधारण १० सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. ३० सेंटिमीटरवरून चित्र काढले, तर नाक ३० वर आणि कान ४० वर. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक एकतृतीयांशाने मोठे दिसणार. तेच दीड मीटरवरून काढले, तर हा फरक ७ टक्क्यांवर येतो. चेहऱ्याची ठेवण पाहून जनुकीय विकाराची शंका घेणाऱ्या आम्हा मंडळींसाठी हा भेद किरकोळ नाही. जवळून काढलेल्या मोबाइल-चित्रात निरोगी मुलाचेही नाक फुगीर आणि कान लहान व मागे सरकलेले दिसू शकतात. चेहऱ्याचे चित्र म्हणून दीड मीटरवरून, फुल फ्रेमच्या हिशेबाने ८५ ते १०० मिलिमीटरच्या भिंगाने काढावे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ६० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग जवळपास हेच काम करते, आणि एकाच भिंगात चेहरा व पुरळ ही दोन्ही कामे साधतात.

भिंगाचे छिद्र लहान केले, म्हणजे 'एफ' चा आकडा वाढवला, की चित्रातील अधिक खोली स्पष्ट दिसते. जवळून चित्र घेताना एफ ८ ते एफ ११ ठेवावे. एफ २२ पर्यंत गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच किंचित मऊ पडते.

४. रंग : खरी परीक्षा

आता त्या रात्रीच्या फोटोकडे वळू.

आपल्या इंदूरला छायाचित्रणाचा जुना वारसा आहे. रुरकीला अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ च्या सुमारास येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, होळकर दरबाराचा आश्रय त्यांना लाभला, आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून ते 'राजा' दीनदयाळ झाले. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवर मुख्यत्वे निळ्या प्रकाशाचा परिणाम होई. लाल आणि पिवळे रंग त्यांवर काळपट उमटत. म्हणजे रंगाबाबत कॅमेरा फसवतो, ही गोष्ट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की तेव्हाचे चित्र कृष्णधवल असल्याने पाहणारा सावध असे. आजचे चित्र रंगीत असते, म्हणून ते आपल्याला खरे वाटते.

डिजिटल सेन्सर मुळात रंगांध असतो. १९७६ साली पेटंट मिळालेल्या ब्राइस बेयर यांच्या योजनेनुसार प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकच गाळणीचा तुकडा बसवतात; निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. त्यानंतर कॅमेरा ठरवतो की प्रकाश कसा होता. पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विनचा असतो, दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विनचे. दिव्याचा पिवळेपणा काढून टाकण्यासाठी कॅमेरा चित्रात निळा मिसळतो. यालाच स्वयंचलित 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. पण चौकटीतील पिवळेपणा दिव्याचा, दुपट्याचा की बाळाच्या त्वचेचा, हे यंत्राला कळत नाही. माझ्या त्या रुग्णाची कावीळ त्याने दिव्याचा दोष समजून इमानेइतबारे पुसून टाकली होती.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. छायाचित्रणाच्या दुकानात करड्या रंगाचे कार्ड मिळते. ते रुग्णाच्या शेजारी, त्याच प्रकाशात धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा आणि पहिल्या चित्रात ते कार्ड व कागदी मोजपट्टी दोन्ही दिसू द्यावीत. म्हणूनच कॅमेरा घेताना हाताने व्हाइट बॅलन्स ठरवण्याची सोय आहे की नाही, आणि ती सहज सापडते की नाही, हे आवर्जून पाहावे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये मोबाइलने बाळाची कावीळ अजमावण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांनाही बाळाच्या अंगावर रंगांचे कार्ड ठेवावेच लागले.

प्रकाशही एकाच प्रकारचा असावा. खिडकीचा उजेड आणि छताचा दिवा एकत्र आले की चेहऱ्याचा एक भाग निळसर, दुसरा पिवळसर दिसतो. हिरव्या पडद्याशेजारी बसवलेले मूल आजारी भासते. दिवे घ्यावयाचे झाल्यास रंगदर्शनाचा निर्देशांक, ज्याला 'सीआरआय' म्हणतात, ९० च्या वर असलेले घ्यावेत.

५. चित्र कसे साठवावे

बहुतेक कॅमेरे 'जेपेग' पद्धतीने चित्र साठवतात. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि जागा वाचवण्यासाठी काही तपशील कायमचा टाकून दिला जातो. 'रॉ' पद्धतीत १४ बिटांच्या हिशेबाने १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो. रंग महत्त्वाचा असेल तेथे रॉ आणि जेपेग दोन्ही साठवावीत. संदेशाच्या अॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र पुन्हा दाबून लहान केले जाते. ते पाहून सूक्ष्म निदान करू नये.

६. मग मोबाइल पुरेसा नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. काही उत्तम मोबाइलमधील मुख्य सेन्सर आता साधारण ७० चौरस मिलिमीटरपर्यंत पोहोचला आहे. ४८ मेगापिक्सेलचा मोबाइल बहुधा चार-चार बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो, आणि ते शहाणपणाचेच आहे. भर उजेडात मिळणारे त्याचे चित्र सहसा निर्दोष असते. पण मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून, चेहरा ओळखून, त्वचा उजळ आणि नितळ करून आपल्याला आवडेल असे चित्र घडवतो. लग्नसमारंभात हा गुण आहे. दवाखान्यात हाच दोष ठरतो. मोबाइल वापरायचाच असेल, तर सौंदर्यवर्धनाची सोय बंद करावी, करडे कार्ड ठेवावे, आणि दिवसाच्या उजेडात थोड्या अंतरावरून चित्र घ्यावे.

फ्लॅशच्या छायाचित्रांविषयी पालकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. फ्लॅशमध्ये मुलांचे डोळे कधी लाल चमकतात. तो निरोगी पडद्यावरून परतणारा प्रकाश असतो. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक वारंवार दिसत असेल, तर डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग अथवा मोतीबिंदू असू शकतो. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग झाला होता. घरच्या जुन्या छायाचित्रांत ती पांढरी चमक निदानाच्या कितीतरी आधीपासून उमटलेली त्यांना आढळली, व २०१३ मध्ये त्यांचे यावरील संशोधन प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्यातील 'लाल डोळे' दुरुस्त करणारी सोय चित्र सुंदर करते. पण दोन डोळ्यांतील हा फरक झाकू शकते. लहान मुलांच्या घरात ती बंद असलेली बरी. विशिष्ट कोनातून निरोगी डोळ्यातही पांढरी चमक दिसते, म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु नेत्रतज्ज्ञांची भेट पुढे ढकलू नये.

७. दुकानात करावयाच्या पाच चाचण्या

एक : आयएसओ १०० आणि ३२०० वर एकाच वस्तूचे चित्र घेऊन मोठे करून पाहावे.
दोन : वर्तमानपत्राचे पान सपाट धरून त्याचे चित्र घ्यावे, कडेची अक्षरे मधल्या अक्षरांइतकीच रेखीव हवीत.
तीन : दुकानातील दिव्यात पांढऱ्या कागदाचे चित्र आधी स्वयंचलित आणि मग हाताने ठरवलेल्या व्हाइट बॅलन्सने घ्यावे.
चार : स्वतःच्या तळहाताचे चित्र काढून पडद्यावरील रंग प्रत्यक्ष हाताशी ताडून पाहावा.
पाच : कॅमेरा एका हाती धरून पाहावा, कारण दुसऱ्या हाती बहुधा रुग्ण असतो.

पैसे मर्यादित असतील तर कॅमेरा मागील पिढीचा आणि भिंग उत्तम घ्यावे. कॅमेरे काही वर्षांत जुने होतात. चांगले भिंग दोन-तीन कॅमेऱ्यांना पुरते.

८. संमती

शेवटी, ज्याचे चित्र आपण काढतो त्याच्याविषयी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हे तत्त्व मानले आहे. संमती लेखी घ्यावी, चित्रातील स्थळाची नोंद बंद ठेवावी, आणि रुग्णांची चित्रे घरगुती चित्रांत मिसळू नयेत. मूल बोलण्याइतके मोठे असेल, तर त्यालाही विचारावे.

तात्पर्य, कॅमेरा निवडताना आधी प्रकाश, मग भिंग, मग सेन्सर, मग रंगावरील ताबा आणि सर्वांत शेवटी मेगापिक्सेल, असा क्रम ठेवावा. चित्र देखणे आले म्हणजे ते खरे आलेच असे नाही; आणि वैद्याला खऱ्या चित्राची गरज असते.

त्या घटनेनंतर मी एक चांगला कॅमेरा घेतला. करडे कार्ड माझ्या टेबलाच्या खणात कायम असते. परंतु रात्री एखाद्या आजींचा दूरध्वनी आला, की मी आता फोटो मागत नाही. "बाळाला आत्ताच घेऊन या," असे सांगतो.